घाट रिकामा असणं वेगळं, बंद असणं वेगळं

मागच्या अंकात हिल क्लाइंब आणि स्प्रिंट या शर्यतींबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. गाड्या एकेक करून सुटतात, समोरासमोर कुणी नसतं, स्पर्धा घड्याळाशी असते. घाटाच्या चढावर झाली तर हिल क्लाइंब, सपाटीवर छोट्या अंतराची झाली तर स्प्रिंट. त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबारकडून बरीच पत्रं आली. धुळ्याला आग्रा रोडवर माझं गॅरेज आहे आणि स्पर्धा असली की मी गाड्यांच्या तपासणीला उभा असतो. त्या अनुभवावरून उत्तरं देतो आहे.

प्रश्न : माझ्याकडे २०११ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. आम्ही चार मित्र पहाटे चारला कन्नड घाटात जातो आणि खालून वरपर्यंत मोबाइलवर वेळ लावतो. त्या वेळी रस्ता रिकामाच असतो. इथून खऱ्या हिल क्लाइंबपर्यंत कसं जायचं? क्लब, परवाना, काहीच माहीत नाही. (एक वाचक, अमळनेर)

मित्रा, सगळ्यात आधी घाटातलं ते घड्याळ बंद कर. मी रागावून सांगत नाही, तुझी हौस खरी आहे हे पत्रातून दिसतंच. पण घाट रिकामा असणं वेगळं आणि बंद असणं वेगळं. बंद रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा असतो, प्रत्येक आंधळ्या वळणावर झेंडा घेतलेला मार्शल असतो, वर-खाली वायरलेसवर बोलणं चालू असतं, खाली रुग्णवाहिका असते, आणि मधला रस्ता मोकळा असल्याचा निरोप आल्याशिवाय पुढची गाडी सुटत नाही. तुमच्या पहाटेच्या घाटात यातलं काय असतं? पुढच्या वळणामागे टेललाइट गेलेला उसाचा ट्रॅक्टर उभा असू शकतो. तो परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा आहे, रात्री नीलगाय रस्त्यावर येते. २०२१ च्या ऑगस्टअखेर त्याच घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. पाऊसकाळात डोंगरावरून सुटलेला दगड रस्त्यावर पडलेला असणं तिथे नवलाचं नाही. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तो सेकंद संपतो.

२०१९ साली राजस्थानात राष्ट्रीय रॅलीच्या फेरीत, स्पर्धेसाठी बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि तीन जणांचा जीव गेला. परवानगी असलेल्या, माणसं नेमलेल्या स्पर्धेत हे घडलं. म्हणून म्हणतो, ज्या रस्त्यावर एकही माणूस नेमलेला नाही तिथे वेळ लावू नकोस.

कायद्याचंही ऐकून ठेव. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलास तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि आपल्या विम्याच्या कागदावर ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो तो वाच. शर्यत आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. घाटात काही झालं तर तुझ्या स्विफ्टचा खर्च तर अंगावर येईलच, पण समोरच्याच्या भरपाईवरूनही वर्षानुवर्षं कोर्टाचे खेटे सुरू होतील.

आता खऱ्या वाटेकडे येतो. भारतात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया पाहते. मोटारींसाठीची एफआयए आणि मोटारसायकलींसाठीची एफआयएम या दोन्ही जागतिक संस्थांशी ती जोडलेली आहे. स्पर्धा भरवतात ते तिच्याशी संलग्न क्लब. स्पर्धेची जाहिरात दिसली की पहिला प्रश्न हाच विचारायचा, एफएमएससीआयचं परमिट आहे का? ते नसेल तर बक्षीस कितीही मोठं असो, जाऊ नको. परमिट असलेल्या स्पर्धेची नियमपुस्तिका आधी मिळते. कोणत्या वर्गात कोणती गाडी, कोणतं हेल्मेट, किती फेऱ्या, मार्गावर उभा केलेला कोन (शंकू) पाडला तर किती सेकंदांचा दंड, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. नवखी मुलं ती पुस्तिका वाचत नाहीत आणि सकाळी माझ्यासमोर रडवेल्या तोंडाने उभी राहतात. तू दोनदा वाच.

स्पर्धक म्हणून उतरायला संस्थेचा स्पर्धा-परवाना लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, रक्तगट, फोटो, वयाचा पुरावा आणि फी, एवढी तयारी ठेव. हा परवाना त्या वर्षापुरताच असतो, त्यामुळे वर्षअखेरीला काढण्यापेक्षा जानेवारीनंतर काढलेला बरा.

बंद घाटावरच्या शर्यती आपल्याकडे क्वचित होतात, हे स्पष्ट सांगतो. इंग्लंडात शेल्सली वॉल्श नावाची एक टेकडी आहे, तिथे १९०५ पासून हिल क्लाइंब चालू आहे. अंतर फक्त ९१४ मीटर. वेगवान गाड्या ते २५ सेकंदांच्या आत चढतात आणि हौशी माणसं घरच्या गाडीतूनही तिथे वेळ लावतात. अमेरिकेतला पाइक्स पीक म्हणजे १९.९९ किलोमीटर आणि १५६ वळणं. २०१८ मध्ये रोमँ द्युमाने विजेवरच्या फोक्सवॅगनने तो आठ मिनिटांच्या आत चढून दाखवला. तसं आपल्या तोरणमाळला व्हावं हे माझं फार दिवसांचं स्वप्न आहे. मात्र आज तुझी सुरुवात ऑटोक्रॉसनेच होईल. मोकळ्या मुरमाच्या मैदानावर कोन लावून आखलेला छोटा मार्ग, एका वेळी एक गाडी, वेळ इलेक्ट्रॉनिक. स्प्रिंट आणि हिल क्लाइंबला जे लागतं ते सगळं इथे शिकायला मिळतं आणि चुकलास तर कोन पडतो, दरी नसते. खानदेशातून जवळचं म्हणजे नाशिक. तिथे आणि पुण्याकडे क्लब आहेत, रॅलीची परंपरा आहे.

पण माझं ऐकशील तर पहिल्या स्पर्धेला गाडी नेऊच नको. आयोजकांना फोन करून सांग, मला मार्शल म्हणून उभं राहायचं आहे. त्यांना माणसं कायम कमी पडतात. तुला झेंडे शिकवतील: पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे थांबा. दिवसभर एकाच वळणावर उभा राहशील. शंभरेक गाड्या तुझ्या डोळ्यांसमोरून त्याच वळणातून जातील आणि संध्याकाळपर्यंत तुला आवाजावरून कळायला लागेल, कोण वेळेत ब्रेक लावतो आणि कोण उशिरा लावून वळणातच वेळ घालवतो. हे ज्ञान पैसे मोजून मिळत नाही.

मग गाडी घेऊन येशील तेव्हा सकाळी आधी कागद, मग तपासणी. मी काय पाहतो ते सांगून ठेवतो. बॅटरी हलते का, टर्मिनल झाकलेलं आहे का. खाली तेल ठिबकतं का. ॲक्सिलरेटर सोडला की पेडल झटकन मागे येतं का. ब्रेकचं पेडल दाबल्यावर कडक राहतं की हळूहळू खाली जातं. चाकांचे नट. सीटचे बोल्ट. आणि गाडीत सुटं काय काय पडलंय! पाण्याच्या बाटल्या, जॅक, डॅशबोर्डवरची मूर्ती, मागच्या सीटवर आईने दिलेला डबा. मूर्तीला नमस्कार करून ती घरच्या माणसाच्या हाती दे. ब्रेक मारल्यावर बाटली पेडलखाली गेली तर काय होईल ते डोळ्यांसमोर आण. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे घाल. नायलॉन आगीत वितळून कातडीला चिकटतं.

त्यानंतर मार्ग पायी चालायला देतात. सगळे गप्पा मारत चालतात, तू एकटा चाल. वळण कुठे सुरू होतं ते नको पाहूस, कुठे संपतं ते पाहा. पहिली फेरी जोर न लावता, पण स्वच्छ मार. तुझी स्विफ्ट पुढच्या चाकांनी ओढणारी आहे, त्यामुळे एक गोष्ट चढावर आणि मैदानावर दोन्हीकडे तुला नडणार आहे: वेग घेताना वजन मागे सरकतं, चढावर तर जास्तच, आणि पुढची चाकं हलकी होतात. तीव्र वळणातून बाहेर पडताना तू पूर्ण रेस दिलीस तर आतलं चाक जागेवर फिरत राहील आणि घड्याळ पुढे पळेल. स्टेअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा पाय दाबायचा. एवढ्या एका सवयीने जेवढा वेळ वाचतो, तेवढा हजारोंच्या एक्झॉस्टने वाचत नाही.

प्रश्न : भाऊ, मन्हा आंडोर (मुलगा) आयकत नही. सोळा वर्षांचा आहे. रात्री माझी मोटारसायकल काढून एरंडोलच्या रस्त्यावर पळवतो. म्हणतो मला रेसर व्हायचंय. मारून पाहिलं, समजावून पाहिलं. काय करू? (एक बाप, पारोळा)

आप्पा, मारू नका. मार खाल्लेला पोरगा गाडी सोडत नाही, फक्त जास्त लांब नेऊन पळवतो.

कायद्याची बाजू आधी, कारण ती तुमच्यावर येते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. हे त्याला शांतपणे, कागद समोर ठेवून वाचून दाखवा. ज्याला खरोखर रेसर व्हायचंय त्याला ‘पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही’ हे वाक्य बरोबर कळतं. किल्ली मात्र आजपासून तुमच्या उशाशी.

पण दार नुसतं लावू नका, दुसरं उघडा. मोठ्या शहरांत भाड्याने कार्ट चालवायचे ट्रॅक असतात. लायसन्स लागत नाही, ट्रॅक बंदिस्त असतो आणि प्रत्येक फेरीचा वेळ छापून हातात मिळतो. नाशिक-पुण्याला लग्नाला जाल तेव्हा त्याला सोबत घ्या आणि तुम्ही स्वतः कठड्याशी उभे राहा. देशातले बहुतेक नावाजलेले रेसर कार्टवरूनच वर आले. शिवाय पालकांच्या लेखी संमतीने लहान वयातही परवाना मिळण्याची सोय काही प्रकारांत आहे. बापाची सही लागते हे त्याला कळलं की तो तुमच्याशी बोलायला लागेल.

प्रश्न : आम्ही दोघंही शिक्षक. आमच्या ह्यांना गाडीची आवड, मला नकाशे आणि आकडेमोडीची. वेगाची भीती वाटते. नवरा-बायकोने मिळून भाग घेता येईल असं काही आहे का? (एक वाचक, सावदा)

आहे ताई, आणि ते फार सुंदर आहे. टीएसडी रॅली म्हणतात त्याला, वेळ-वेग-अंतर. रस्ता खुलाच असतो, वेग कायद्याच्या मर्यादेत असतो. आयोजक एक रोडबुक देतात, त्यात प्रत्येक वळणाची छोटी आकृती आणि तिथपर्यंतचं अंतर असतं. ठरवून दिलेला सरासरी वेग तंतोतंत राखायचा. मधे कुठेतरी लपलेली चौकी असते. उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड. म्हणजे इथे जिंकतो तो शेजारी बसलेला माणूस, आणि तुमच्या बाबतीत तो तुम्ही असाल.

सरावाला ताशी ३६ हा वेग धरा, कारण तो सेकंदाला बरोबर १० मीटर येतो. एक किलोमीटरला १०० सेकंद. ४.२ किलोमीटरवर चौकी असेल तर सात मिनिटं. रविवारी सकाळी सावद्याहून फैजपूरमार्गे यावलकडे निघा, ह्यांना वेग सांगत राहा आणि दर मैलाच्या दगडाला तुमचं गणित आणि घड्याळ जुळतंय का ते पाहा. केळीच्या ट्रॅक्टरमागे अडकलात की गणित बिघडेल, मग हरवलेले सेकंद हळूहळू कसे भरून काढायचे हे शिकायला मिळेल. तेवढीच तर परीक्षा आहे. एक काम मात्र आजच करा: गाडीचा मीटर आणि दगडांचं अंतर यांत फरक किती पडतो ते वहीत लिहून ठेवा. दहा किलोमीटरला दोन-तीनशे मीटरचा फरक सहज पडतो आणि नवखे तिथेच हरतात.

प्रश्न : मुलींसाठी वेगळा वर्ग असतो का? आणि माझं दुचाकीचं हेल्मेट ऑटोक्रॉसला चालेल का? गाडी बाबांची बलेनो आहे. (एक विद्यार्थिनी, जळगाव)

बऱ्याच स्पर्धांत महिलांसाठी बक्षीस वेगळं ठेवतात, पण वेळेची यादी एकच असते. तू त्या यादीकडेच पाहा. पुण्याच्या डायना पुंडोले यांनी २०२४ मध्ये पुरुषांसोबतच्या राष्ट्रीय सलून कार स्पर्धेचं विजेतेपद मिळवलं. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये मोटारसायकलवर बाहा (कच्च्या, खडतर वाटांवरच्या शर्यती) प्रकारातला महिलांचा विश्वचषक जिंकला.

हेल्मेटचं उत्तर नियमपुस्तिकेत असतं, तरी फरक समजून घे. आपण रस्त्यावर घालतो त्यावर आयएसआय आणि आयएस ४१५१ असं लिहिलेलं असतं, ते दुचाकीसाठी. मोटारीच्या शर्यतीसाठीच्या हेल्मेटवर स्नेल एसए किंवा एफआयएचा शिक्का असतो. त्याचं अस्तर आग लवकर न पकडणारं असतं, दुचाकीच्या हेल्मेटला तशी अट नसते. प्राथमिक पातळीवर काही ठिकाणी चांगलं दुचाकीचं चालवून घेतात. पुढे जायचं ठरवलंस तर पहिला खर्च हेल्मेटवर कर, आणि कुणाचं वापरलेलं घेऊ नको, ते किती वेळा पडलंय हे बाहेरून दिसत नाही. बाबांना विचारल्याशिवाय बलेनो नेऊ नको. विम्याचं वर अमळनेरच्या मित्राला लिहिलं आहे, ते त्यांना वाचून दाखव आणि मग त्यांचा होकार घे.

प्रश्न : माझ्याकडे जुनी झेन आहे आणि साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. इंजिनचं काम करून घेऊ की टर्बो बसवू? (एक वाचक, भुसावळ)

दोन्ही नको. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा जाणता माणूस आधी पाय आणि खूर पाहतो, चाल नंतर. झेनचे खूर म्हणजे टायर आणि ब्रेक.

टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसत असली तरी भुसावळच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर आतून कडक होतं. पाच-सहा वर्षं झालेले टायर स्पर्धेला आणू नका. हवा सावलीत, गाडी गार असताना भरा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय चढतो. सकाळी भरलेले ३२ मे महिन्याच्या दुपारी तीन फेऱ्यांनंतर किती झाले ते मोजा आणि वहीत लिहा.

मग ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट-३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरल्यावर तीच मर्यादा १४० वर येते. डॉट-४ ची २३० वरून १५५ वर. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल जमिनीला टेकतं. हिल क्लाइंबमध्ये चढताना ब्रेक कमी लागतात असं वाटतं, पण वर पोचलेल्या गाड्या रांगेने खाली आणतात, आणि तापलेले ब्रेक त्या उतारावरच दगा देतात. झेनमध्ये ताजं डॉट-४ भरून, पाइप तपासून, चांगले पॅड टाकून घ्या. सस्पेन्शनचे बुश आणि शॉकॲब्जॉर्बर बदला. एवढं करून निम्म्याहून जास्त पैसे उरतील. ते प्रवेश फी, पेट्रोल, हेल्मेट यासाठी ठेवा. टर्बो बसवलात तर तुम्ही स्टॉक म्हणजे मूळ, न बदललेल्या गाड्यांच्या वर्गातून बाहेर पडून कसलेल्या लोकांच्या मोठ्या वर्गात जाल, आणि नोंदणीतल्या वर्णनापेक्षा वेगळी गाडी रस्त्यावर चालवल्याबद्दल कलम ५२ मागे लागेल ते निराळंच.

प्रश्न : आमची इंजिनिअरिंगची टीम बाहासाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या स्पर्धेसाठी, गाडी बनवते आहे. हिल क्लाइंबच्या चाचणीत गाडी मधेच थांबेल अशी भीती आहे. (विद्यार्थी, शिरपूर)

पोरांनो, तुम्ही नशीबवान आहात. पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रावर बाहाचे मैदानी टप्पे होत आले आहेत आणि ते तुमच्यापासून सेंधव्याचा घाट चढला की एका सकाळच्या अंतरावर आहे. जमलं तर स्वतः उतरण्याआधी एक वर्ष नुसतं पाहून या.

तिथे इंजिन ठरवून दिलेलं असतं आणि ताकद थोडी, जेमतेम १० अश्वशक्तीच्या आसपास. म्हणून चढाचा निकाल गिअर आणि वजन लावतात. सर्वात कमी गिअरला चाकाशी किती ओढ मिळते ते आधी कागदावर काढा, मग गाडीचं वजन ड्रायव्हरसकट काट्यावर घ्या. विद्यार्थ्यांच्या हिशेबातलं वजन आणि काट्यावरचं वजन यांत नेहमी फरक निघतो. चढावर भार मागच्या चाकांवर जातो, हे मागून ढकलणाऱ्या गाडीला चांगलं. पण इंजिन फार उंच आणि फार मागे बसवलंत तर पुढची चाकं उचलली जातील आणि स्टेअरिंग हाती राहणार नाही. सीव्हीटी (बेल्टवर चालणारा, आपोआप बदलणारा गिअर) असेल तर बेल्ट घसरतो का ते तापल्यावर पाहा, गार असताना सगळेच बेल्ट चांगले असतात.

चाचणी कॉलेजच्या किंवा कुणाच्या मालकीच्या जागेत, परवानगीने घ्या. खाली चढाच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, गाडी मागे आली तर तिथेच येते. ड्रायव्हरच्या हाताजवळचा आणि बाहेरच्या बाजूचा, दोन्ही किल स्विच (इंजिन तत्काळ बंद करणारी बटणं) चालू गाडीवर दाबून पाहा. मग गिअर रेशो, चाकाचा व्यास आणि काट्यावरचं वजन मला लिहून पाठवा, पुढच्या अंकात मी तुमचा हिशेब तपासून देतो.